कृती कुणाच्या चुलीवरची?
शाकाहारी पाककृती कुठे शोधायच्या, कशा पारखायच्या आणि कशा जपायच्या : नळदुर्ग परिसरातल्या घरांसाठी

आपल्या धाराशिव जिल्ह्याचं जुनं नाव देशभर पोचलं ते उस्मानाबादी शेळीमुळे. तरी नळदुर्ग, अणदूर, जळकोट या पट्ट्यातल्या घरांत वर्षातले कितीतरी दिवस शाकाहारीच शिजतं. लिंगायत, जैन आणि माळकरी घरांत तर बाराही महिने. बाकीच्यांचे श्रावण, एकादश्या, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार आलेच. त्यामुळे ‘आज कोरड्यास काय करायचं?’ हा प्रश्न रोज सकाळी उभा राहतो.

या प्रश्नाला उत्तरांचा तुटवडा नाही. मोबाईलवर एक शब्द टाका, शंभर कृती समोर येतात. अडचण वेगळीच आहे. त्यातल्या बऱ्याच कृती दुसऱ्याच कुणाच्या स्वयंपाकघरासाठी सांगितलेल्या असतात. कोकणातली कृती ओलं खोबरं धरून चालते, पंजाबी भाजीला मलई लागते, शहरातल्या कृतीत ओव्हन गृहीत असतो. आणि आपल्या घरात पोत्यानं असलेली ज्वारी, तूर, शेंगदाणे, हुलगे, करडईचं तेल यांचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून पाककृती शोधताना पहिला प्रश्न विचारावा : ही कृती कुणाच्या चुलीवरची? सांगणाऱ्याचं धान्य, तिखट, पाणी आणि भांडी आपल्यासारखी असतील तर ती कृती पहिल्याच खेपेला जमते. नसतील तर ती टाकून द्यायचं कारण नाही, पण काय बदलायचं ते आधी कळलं पाहिजे. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी गरज ठरवा

‘शाकाहारी रेसिपी’ एवढाच शोध घेतला तर हाती फारसं लागत नाही. रोजच्या जेवणाची कृती हवी असेल तर ती शेजारी मिळते. सणाची कृती घरातल्या किंवा भावकीतल्या वयस्क बाईकडे, पंगतीची आचाऱ्याकडे, आणि साखर-रक्तदाबाच्या पथ्याची आहारतज्ज्ञाकडे किंवा संस्थेच्या पुस्तिकेत. उपवासाचे नियम घराघरांत वेगळे असतात. एका घरात चालणारी भाजी किंवा मसाला दुसऱ्या घरात चालत नाही, तेव्हा ती कृती घरातल्या रीतीशी ताडूनच घ्यावी.

पहिला ठिकाणा : घर आणि गल्ली

सगळ्यात भरवशाच्या कृती अजून कागदावर आलेल्याच नाहीत. त्या आई, सासूबाई, आत्या, चुलत्या यांच्या हातात आहेत. पण ‘आत्या, भज्जी कशी करता?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘त्यात काय, सगळ्या शेंगा घ्यायच्या, पीठ लावायचं, चिंच घालायची.’ या उत्तरावरून कुणालाही भज्जी करता येणार नाही. आत्याला सांगायचं नसतं असं नाही. हाताला जे ठाऊक असतं ते तोंडाने सांगायची सवय नसते, एवढंच.

यावर सोपा उपाय आहे. कृती विचारू नका, करताना जवळ बसा. त्यांनी सुरुवात करण्याआधी पीठ, डाळ, तिखट, मीठ, तेल मोजून वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवा. त्यांना नेहमीसारखं मुठीने, चिमटीने घेऊ द्या. पदार्थ झाला की वाट्यांत उरलेलं मोजा. गेलं किती ते बिनचूक कळतं आणि त्यांचा हातही अडत नाही.

मग चार गोष्टी विचारा. कशाच्या नंतर काय घातलं? आच कधी कमी केली? झालं हे कशावरून ओळखलं? आणि बिघडतं ते कुठे?

वेळ अमावस्येच्या भज्जीवरच हे करून पाहा. मार्गशीर्ष अमावस्येला शेतात कडब्याची कोप करून पूजा होते. त्या दिवशी तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, पातीचा कांदा, मेथी, गाजर, वांगं असं हंगामातलं माळवं एकत्र शिजवून हरभऱ्याचं पीठ लावतात. हिरवी मिरची आणि लसूण वाटून घालतात, आंबटपणाला चिंच. सोबत बाजरीचे उंडे, आंबील, खीर. आता ‘कशाच्या नंतर काय?’ हा प्रश्न इथे लावा. चिंच आधी पडली तर दाणे कितीही उकळा, कडकच राहतात, कारण आंबटामुळे कडधान्य मऊ व्हायला वेळ लागतो. म्हणून दाणे बोटाने दाबून फुटले की मगच चिंच, आणि पीठ लावायचं ते सगळ्यात शेवटी, गार पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता. ज्या कृतीत हा क्रम आणि त्याचं कारण आलं ती कृती पुरी. नुसती सामानाची यादी ही अर्धीच कृती.

भाकरीचंही तसंच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळत्या पाण्याचा हबका देऊन पीठ मळतात. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. ‘पीठ किती जुनं?’ हा प्रश्न पुस्तकातल्या कृतीत सहसा नसतो. गल्लीतली बाई तो आधी विचारते.

एकाच घरावर थांबू नका. लिंगायत घरात कडक भाकरी आणि शेंगाची पोळी शिकायला मिळते. जैन घरांत कांदा, लसूण, बटाटा न घालता चव कशी आणायची, हे पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं कसब आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल. रानातल्या पाथरी, घोळ, तांदुळजा, कुंजीर अशा भाज्या कोणती कधी खुडायची हे शेतात राबणाऱ्या बायांइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही. येसरही घरागणिक वेगळा. धान्य आणि डाळी भाजून, मसाला घालून दळलेलं हे पीठ आमटीला दाटपणा आणि खमंगपणा देतं. कुणी त्यात बाजरी घालतं, कुणी गहू, कुणी ज्वारी. तीन घरांचा येसर मागून आणा, एकाच दिवशी तीन वाट्या आमटी करून चाखा. आपल्या जिभेचा कोणता ते लगेच कळेल.

सण, जत्रा आणि आचारी

आपल्याकडे खंडोबा नळदुर्ग आणि अणदूर या दोन्ही गावांचा. एकच मूर्ती वर्षातला काही काळ अणदूरला असते, काही काळ नळदुर्गच्या मैलारपुरात, आणि पौष पौर्णिमेला मैलारपूरची मोठी यात्रा भरते. खंडोबाचा नैवेद्य भरीत-रोडग्याचा. चातुर्मासात वांगं आणि कांदा वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला भरीत-रोडगा करून ते पुन्हा खायला लागतात. म्हणजे वांग्याचं चांगलं भरीत शिकायचं असेल तर मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीच्या आसपास दोन-चार घरी जाऊन पाहावं. त्या दिवशी ते सगळीकडे होतं, आणि वांगीही ऐन हंगामातली असतात.

पंगतीचा स्वयंपाक शिकायचा तर आचाऱ्यालाच गाठा. दहा माणसांच्या कृतीला दहाने गुणलं की शंभर माणसांचा स्वयंपाक होतो, असं नाही. मोठ्या पातेल्यातलं पाणी त्या मानाने कमी आटतं, म्हणून ते कमी लागतं. मीठ-तिखटही आधी हात राखून घालतात आणि शेवटी चाखून वाढवतात. सप्ताह, भंडारा, लग्न यांत काम करणाऱ्या आचाऱ्याकडे हे आडाखे तयार असतात. अक्कलकोट, तुळजापूर ही देवस्थानं जवळच आहेत. तिथे महाप्रसादाच्या स्वयंपाकाला हात लावायची संधी मिळाली तर सोडू नका.

पुस्तकं : कोणतं कशासाठी

मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चं. ते पाठारे प्रभू घरातलं, त्यात शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि घरगुती वाटी-चमच्याच्या मापामुळे नव्या संसाराचं पुस्तक बनून गेलं. मंगला बर्वे यांचं ‘अन्नपूर्णा’ही तितकंच घरोघरी पोचलेलं. दुर्गा भागवतांचं ‘खमंग’ कृतींबरोबर चवीची जाण देतं.

नवशिक्याने ‘रुचिरा’ किंवा ‘अन्नपूर्णा’ यांपैकी एक घ्यावं. सण, पक्वान्नं, लोणची, रोजच्या भाज्या यांचा पाया त्यातून पक्का होतो. मात्र ही पुस्तकं पश्चिम महाराष्ट्र आणि पुणे-मुंबईच्या चवीची. आपल्याकडे करताना काही अदलाबदल मनात ठेवा. ओल्या खोबऱ्याच्या जागी शेंगदाण्याचा कूट किंवा भाजलेलं सुकं खोबरं. गोड्या मसाल्याच्या जागी घरचं काळं तिखट, पण निम्म्या मापाने सुरुवात करून, कारण त्यात मिरची असते. आमटीतला गूळ कमी. कूट घातला की रस्सा गार होताना घट्ट होतो, म्हणून पाणी थोडं जास्त.

आपल्या मातीतलं पुस्तक हवं असेल तर शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचाच. लेखक आपल्याच जिल्ह्यातले. २०१५ साली आलेल्या या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्यापिण्याची नोंद आहे. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. पुस्तक शाकाहारी नाही, आणि जात आणि ताट यांचं नातं ते रोखठोक सांगतं. तरी शाकाहारी वाचकाने ते टाळू नये. तेल-तूप, दूध, खोबरं हाताशी नसताना रानभाजी, डाळ, पीठ आणि तिखट यांतून कालवण कसं उभं राहतं, हे पुण्या-मुंबईच्या पाकपुस्तकांत सापडत नाही. नावाजलेल्या पुस्तकांत आपल्याकडच्या अनेक घरांच्या कृती का नाहीत, याचंही उत्तर तिथे मिळतं.

जुन्याची आवड असेल तर आणखी मागे जाता येईल. सीमेपलीकडच्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात मांड्यांसारखे, पुऱ्यांसारखे, वड्यांसारखे पदार्थ भेटतात. त्यावरून आजची भाजी होणार नाही, पण आपल्या ताटातलं किती जुनं आहे ते समजतं.

विकत घेण्याआधी पुस्तक हातात घेऊन तीन गोष्टी पाहा. मापं दिली आहेत का आणि वाटी किती मोठी ते सांगितलंय का? शेवटी सूची आहे का? आणि आपल्याला उत्तम येणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती बरोबर दिली आहे का? पिठल्याची कृती चुकली असेल तर पुढच्या दोनशे कृतींवर भरवसा कशाला ठेवायचा? विकत घेणं जमत नसेल तर गावातल्या सार्वजनिक वाचनालयात किंवा धाराशिवच्या जिल्हा ग्रंथालयात चौकशी करा. जुनी पाकपुस्तकं आणि मासिकांचे, दिवाळी अंकांचे गठ्ठे तिथे मिळून जातात.

विद्यापीठ आणि संशोधन संस्था

हा ठिकाणा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून मराठवाड्याच्या पिकांवर काम करतंय. तिथे सामुदायिक विज्ञान आणि अन्नतंत्र अशी दोन्ही महाविद्यालयं आहेत. नळदुर्गहून जवळ म्हणजे तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र. ज्वारी, डाळी, सोयाबीन यांच्या प्रक्रियेची प्रशिक्षणं कधी आहेत, ते तिथे विचारता येतं. बचत गटातल्या महिलांनी तर एकत्र जाऊनच विचारावं.

आपल्या गावावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद महामार्ग पुढे पटानचेरूवरून जातो. तिथे कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. जास्त लोह आणि जस्त असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी इक्रिसॅट आणि परभणी विद्यापीठ यांच्या कामातून आली. हैदराबादलाच भारतीय भरडधान्य संशोधन संस्था आणि राष्ट्रीय पोषण संस्था आहेत. पोषण संस्थेची २०१७ ची अन्नघटक सारणी ५२८ खाद्यपदार्थांतले पोषक घटक सांगते. २०२४ मध्ये तिने भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पथ्याच्या कृती शोधणाऱ्याने कुणाच्याही अग्रेषित संदेशापेक्षा यांवर भिस्त ठेवावी.

याचा उपयोग कसा होतो, ते सोयाबीनवरून कळेल. आपल्या शिवारात खरिपाचं मुख्य पीक सोयाबीन, पण घरात ते फारसं शिजत नाही. शाकाहारी माणसाला प्रथिनांसाठी ते मोलाचं आहे. मात्र कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारा घटक असतो, उष्णता दिली की तो निकामी होतो. म्हणून कच्चं सोयाबीन तसंच गव्हात टाकून दळू नये. निवडून, उकळत्या पाण्यात साधारण अर्धा तास शिजवून, कडक वाळवून मग ९ किलो गव्हाला १ किलो या मापाने दळावं. पोळीची चव फारशी बदलत नाही. जी कृती ‘सोयाबीन टाका आणि दळा’ एवढंच सांगते, ती कशावर विसंबून लिहिली आहे, हे विचारायला हवं.

भगरीचंही तसंच. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात पुन्हापुन्हा येतात. उपवासाच्या कृतीत भगरीचं पीठ असेल तर सुटं, तयार पीठ आणू नका. पाकीटबंद भगर तारीख पाहून घ्या, निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच घरी दळा आणि शिजवलेली दिवसभर ठेवू नका.

मोबाईल : शोधायचं कसं, पाहायचं काय

व्हिडिओचा मोठा फायदा म्हणजे हात दिसतात. भाकरी थापणं, पुरणाची पोळी लाटणं, कुरडईचा चीक शिजवणं हे वाचून येत नाही, पाहून येतं. ‘मधुराज रेसिपी’सारख्या वाहिनीवर मापं नीट मिळतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे यांच्या ‘आपली आजी’वर गावाकडची पद्धत पाहायला मिळते.

शोधताना आपल्याच बोलीतली नावं टाका. ‘पौष्टिक नाश्ता’ यापेक्षा ‘सुशीला मराठवाडा’, ‘धपाटे’, ‘हुलग्याचं माडगं’, ‘शेंगुळे’, ‘येसर आमटी’, ‘लसणाचा भुरका’ असं लिहिलं की आपल्या भागातल्या बायकांचे व्हिडिओ वर येतात. टाइप करणं अवघड वाटत असेल तर माइकचं बटण दाबून बोला.

आणखी एक युक्ती. आपलं ताट कलबुर्गी-बीदरच्या ताटाशी जुळतं. ‘जोळद रोट्टी’, ‘शेंगा होळिगे’, ‘एण्णेगायी’, ‘एळ्ळ अमावास्ये’ असे शब्द टाकून कन्नड व्हिडिओ पाहा. भाषा कळली नाही तरी हात कळतात. ज्वारीची भाकरी, शेंगाची पोळी, भरली वांगी आणि वेळ अमावस्येचा स्वयंपाक यांसाठी हे व्हिडिओ दूरच्या शहरातल्या मराठी व्हिडिओपेक्षा आपल्याला जवळचे पडतात.

पाहताना लक्ष ठेवा. सामान मापासकट दाखवलं का? अवघड टप्पा अखंड दाखवला, की नेमका तिथेच कापला? पोळी, भाकरी शेवटी मोडून आतून दाखवली का? नुसतं सजवलेलं ताट दाखवून संपणाऱ्या व्हिडिओतून शिकण्यासारखं थोडंच असतं. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी केक, जेली, चीज असे पदार्थ असले तर अंडं, जिलेटीन, प्राण्यांपासून काढलेलं रेनेट यांची खात्री करावी. विकतच्या पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण पाहूनच घ्यावं.

करून पाहण्याआधीची तपासणी

कृती कुठूनही आलेली असो, हे प्रश्न तिला विचारा :

• यातलं सगळं सामान आपल्या आठवडी बाजारात या महिन्यात मिळतं का?
• मीठ, पाणी आणि आच यांबद्दल ती काही सांगते का?
• पदार्थ झाला हे ओळखायची खूण दिली आहे का? ‘दहा मिनिटं’ ही खूण नव्हे, ‘कडेला तेल सुटेपर्यंत’ ही खूण.
• सांगणाऱ्याने स्वतः केलेलं दिसतं, की दुसरीकडून उचललेलं?
• आपली चूल, गॅस, कुकर यांवर काय बदलावं लागेल?

मग पहिल्यांदा पाव मापाने करा. पाहुणे यायच्या दिवशी नवी कृती कधीही करू नका. पहिल्या खेपेला कृती जशी आहे तशीच करा, बदल दुसऱ्या खेपेला, आणि एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर बिघडलं कशामुळे ते कळत नाही.

वही करा

जमलेली कृती त्याच दिवशी लिहा. पदार्थाचं नाव, कुणाकडून मिळाली, महिना, किती माणसांना पुरली, आपण काय बदललं. ‘कुणाकडून’ हे अवश्य लिहा. ज्यांची कृती त्यांचं नाव राहिलं पाहिजे, आणि पुढे शंका आली तर विचारायचं कुणाला तेही कळतं. वही पिठाच्या हातांनी खराब होते, म्हणून पानांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या लेकीसुनांना वेळ अमावस्येच्या आदल्या रात्री तोच फोटो लागतो.

सुरुवात कुठून करावी असं वाटत असेल तर महिन्यांचा क्रम धरा. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया, खारोड्या. पावसाच्या तोंडावर हुलग्याचं माडगं आणि शेंगुळे. श्रावणात नागपंचमीची दिंडं आणि रानभाज्या. गौरींना अंबाडी आणि मिसळीची भाजी. नवरात्रात उपवासाचं. मार्गशीर्षात भरीत-रोडगा आणि भज्जी. पौषात हुरडा, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. होळीला पुरणपोळी आणि येळवणीची आमटी. दर महिन्याला एक पदार्थ आणि तो उत्तम करणारी एक बाई किंवा एक आचारी गाठायचा, एवढं केलं तरी वर्षाकाठी बारा पारखलेल्या कृती हाती येतात. त्या बारा पक्क्या झाल्या की पुस्तकातली किंवा मोबाईलवरची तेरावी कृती वाचतानाच कळू लागेल, ती आपल्या चुलीवर चालणार की नाही.